कोनाडा

माझ्या लघुप्रबंधाच्या सतराव्या पानाच्या समासात सरांनी लाल शाईने एकच शब्द लिहून ठेवला आहे: ‘आधार?’ ज्या वाक्याशेजारी तो शब्द उभा आहे ते वाक्य मी रात्री दोनच्या सुमारास, खोलीतल्या सोबतिणी झोपी गेल्यावर, फार विश्वासाने लिहिले होते. आणि सकाळी पुन्हा वाचताना ते मला इतके स्वयंसिद्ध वाटले होते की, त्याला कोणी आधार मागेल ही शंकाही मनाला शिवली नव्हती. वाक्य असे होते: ‘एखाद्या समाजाचा धर्म समजून घ्यावयाचा असेल तर त्याच्या ग्रंथांच्या आधी त्याची अंतरे मोजावीत; देवापाशी, विहिरीपाशी आणि चुलीपाशी कोणी कोठवर यावे व कोणी कोठे थांबावे याचा जो अलिखित नकाशा प्रत्येक गाव मनात बाळगून असते, तोच त्या गावाचा धर्मग्रंथ होय.’ सर रागावले नव्हते. कागद परत देताना ते म्हणाले, “वाक्य राहू दे. पण त्याच्या खाली काहीतरी ठेव.”

धर्म, समाज आणि समता हा विषय घेऊन वाशीमसारख्या ठिकाणी अभ्यासाला बसलेल्या विद्यार्थिनीला खाली ठेवण्याजोगे शोधायला फार दूर जावे लागत नाही. सरकारी दफ्तरात आमचा जिल्हा अगदी कोवळा, 1 जुलै 1998 रोजी अकोल्यातून वेगळा झालेला; परंतु 1905 पर्यंत इंग्रजी अमलातही वाशीम हे जिल्ह्याचेच ठिकाण होते, त्यापूर्वी अबुल फजलच्या ‘आईन-इ-अकबरी’त वऱ्हाड सुभ्याच्या सरकारांमध्ये बासीमची गणना झालेली आहे, आणि त्याही मागे, चौथ्या-पाचव्या शतकांत, हेच गाव वत्सगुल्म या नावाने वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी होते. ज्या राजाच्या काळात अजिंठ्याची काही अत्यंत देखणी लेणी कोरली गेली तो हरिषेण याच शाखेचा. लहानपणी आम्हांला हे कोणी सांगितले नाही. पद्मतीर्थाच्या पायऱ्यांवर बसून आम्ही शेंगा खाल्ल्या, आणि आपण एका राजधानीत बसलो आहोत याची जाणीव न ठेवता टरफले झटकून घरी गेलो.

1939 साली वाशीममध्येच दुसऱ्या विंध्यशक्तीचा ताम्रपट उजेडात आला, आणि ज्यांच्या चिकाटीचे ऋण विदर्भाचा इतिहास वाचणाऱ्या प्रत्येकावर आहे त्या वा. वि. मिराशींनी त्याच्या वाचनाचे व संपादनाचे काम केले. त्या ताम्रपटाची पहिली गोष्ट मला लागली ती भाषेची: राजाची वंशावळ संस्कृतात, आणि जमिनीच्या देण्याघेण्याचा प्रत्यक्ष व्यवहार प्राकृतात. पूर्वजांचे गौरव ज्या वाणीत गायिले ती वाणी वेगळी आणि गावाच्या लोकांना बजावून सांगावयाचे ते ज्या वाणीत सांगितले ती वेगळी. एकाच तांब्याच्या पत्र्यावर या दोन भाषा जेथे एकमेकींना भेटतात तेथे मला एक उंबरठा दिसतो. राजाच्या घराण्याला तेथे ‘धर्ममहाराज’ ही पदवी आहे, आणि दान घेणाऱ्या अथर्ववेदी ब्राह्मणांची नावे गोत्रांसकट, नीट, एकापाठोपाठ कोरलेली आहेत. सोळा शतके लोटली तरी ती नावे आज वाचता येतात.

परंतु मी ज्या भागापाशी थबकले तो भाग निराळा. वाकाटकांच्या दानपत्रांत, दान दिलेल्या गावाला कशाकशापासून सूट मिळाली याची एक लांबलचक यादी येते, आणि ती यादी म्हणजे माझ्या समजुतीप्रमाणे त्या काळच्या समाजाचे सर्वांत प्रामाणिक वर्णन आहे, कारण ते करण्याचा कोणाचाही हेतू नव्हता. या गावात सैनिकांनी शिरू नये. येथून फुले व दूध उचलू नये. फिरतीवर आलेल्या अंमलदाराने येथे जनावरांसाठी चारा, बसावयास कातडे आणि जाळावयास कोळसा मागू नये. मिठासाठी येथे खणू नये. आणि हे गाव सर्व प्रकारच्या ‘विष्टी’तून मुक्त असावे. म्हणजे जी गावे मुक्त नव्हती तेथे हे सर्व घेतले जात होते. कोणीतरी पहाटे उठून अंमलदाराच्या घोड्यासाठी गवत कापीत होते, कोणीतरी जंगलात भट्टी लावून कोळसा पाडीत होते, आणि कोणीतरी मेलेल्या जनावराचे कातडे सोलून, कमावून, मऊ करून साहेबाच्या बैठकीसाठी पाठवीत होते. त्या कातड्यावर बसणाऱ्याला ते पवित्र होते आणि कमावणारा मात्र त्या बैठकीच्या जवळपास येऊ शकत नव्हता, असे मानावयास माझ्याजवळ लेखी पुरावा नाही, पण आपल्याकडील पुढचा सगळा इतिहास आहे. दान घेणाऱ्याचे गोत्र पत्र्यावर आहे. चामडे देणाऱ्याचे नावही नाही. शिवाय जी सूट मिळाली ती कोणाला? पूर्वी राजाला द्यावयाचे ते पुढे बहुधा दान घेणाऱ्याला द्यावयाचे एवढाच तो फेरफार असावा; भार ज्यांच्या डोक्यावर होता त्यांच्या डोक्यावरून तो उतरला, असे म्हणावयास त्या मजकुरात जागा नाही.

‘विष्टी’चे आपण मराठीत ‘वेठ’ केले. फारसी आली तिने त्याला ‘बेगारा’ची जोड दिली, आणि आमच्या बोलण्यात ‘वेठबिगार’ असा जोडशब्द रुळला. वाकाटक गेले, यादव गेले, बहामनी, इमादशाही, मोगल, निजाम, भोसले आणि 1853 नंतर इंग्रज असे अंमल या काळ्या मातीवरून गेले. जमाबंदी बदलली, परगण्यांचे तालुके झाले, सनदा फिरल्या, आणि वेठीचा हा शब्द मात्र आजही माझी आजी कोणत्याही व्याकरणकाराच्या मदतीविना अचूक वापरते.

कारंज्याला मी गेले ती ग्रंथांसाठी. नृसिंहसरस्वतींचे जन्मस्थान म्हणून दत्तभक्तांची तेथे वर्दळ असते. मला ओढ होती ती जैन मंदिरांतील हस्तलिखितांच्या भांडारांची, ज्यांतील पोथ्यांनी अमरावतीच्या किंग एडवर्ड महाविद्यालयात संस्कृत शिकविणाऱ्या हिरालाल जैन यांना अपभ्रंश भाषेच्या विस्मृत साहित्याकडे नेले. त्यांनी संपादन केलेला मुनी रामसिंहांचा ‘पाहुडदोहा’ 1933 साली कारंज्याच्याच जैन ग्रंथमालेतून प्रसिद्ध झाला. सुमारे हजार वर्षांपूर्वीचा हा मुनी तीर्थाटनाला, कोरड्या पांडित्याला आणि देवळातील बाह्योपचाराला निर्भयपणे प्रश्न विचारतो. आत्म्याला वर्ण नाही, तो ब्राह्मण नाही, वैश्य नाही, स्त्री नाही, पुरुष नाही असे सांगतो. आणि असे सांगणारा ग्रंथ श्रद्धेने छापणारी माणसे देवळांच्याच छायेत वाढलेली होती, याचे मला मनापासून अप्रूप वाटते. वाचता वाचता मी हरखून गेले. आणि तरीही, परतीच्या एस. टी.त मंगरूळपीरच्या फाट्यावर गाडी थांबली असताना, माझ्या मनात एक हट्टी विचार आला, तो अजून गेलेला नाही: आत्म्याच्या समतेला आपल्या देशात कधीच फारसा विरोध झाला नाही; अगदी कर्मठ माणसानेही ती मान डोलवून मान्य केली. आत्म्याला तहान लागत नाही. समतेची खरी परीक्षा तहान लागलेल्या देहापाशी होते, आणि तेथे आपले मोठमोठे ग्रंथ गप्प बसतात किंवा बाजू बदलतात.

ज्या वर्षी कारंज्याहून ‘पाहुडदोहा’ निघाला त्याच 1933 साली ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने आमच्या वऱ्हाडातल्या एका शेतकऱ्याच्या मुलाचा प्रबंध प्रसिद्ध केला. विषय होता वैदिक वाङ्मयातील धर्माचा उद्गम आणि विकास; लेखक पंजाबराव देशमुख. 27 डिसेंबर 1898 रोजी अमरावती जिल्ह्यातल्या पापळ या खेड्यात जन्मलेला हा मुलगा काही काळ कारंज्यात शिकला, अमरावतीच्या हिंदू हायस्कुलात गेला, पुण्याला फर्ग्युसनमध्ये गेला, आणि तेथून एडिंबरा व ऑक्सफर्डला जाऊन संस्कृत व वेद यांचा पंडित आणि वर बॅरिस्टर होऊन 1926 साली परतला. धर्माचा विद्यार्थी म्हणून माझ्या डोळ्यांसमोर दुसरा कोणी येण्याआधी हा येतो. याने वेद शिकून काय केले? परतल्यावर वर्षभरातच अमरावतीच्या अंबादेवीच्या देवळात अस्पृश्यांना प्रवेश मिळावा म्हणून जो लढा उभा राहिला त्यात हा वेदांचा अभ्यासक पुढे होता. त्याच लढ्याच्या संदर्भात 1927 च्या नोव्हेंबरात अमरावतीला वऱ्हाडातल्या अस्पृश्यांची परिषद भरली आणि तिचे अध्यक्षपद डॉ. आंबेडकरांनी भूषविले, महाडच्या चवदार तळ्याचे पाणी त्याच वर्षी मार्चमध्ये त्यांनी ओंजळीत घेतले होते. पुढे जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष झाल्यावर पंजाबरावांनी सार्वजनिक विहिरी सर्वांना खुल्या करविल्या. स्वतःचा विवाह त्यांनी जातीबाहेर केला. 1932 साली शिवाजी शिक्षण संस्था काढली, जिच्या शाळांतून वऱ्हाडातल्या किती कास्तकारांची मुले बाहेर पडली याची मोजदाद एखाद्या आडबाजूच्या खेड्यात नुसते विचारले तरी होऊ लागते. माझे वडील त्यांतलेच.

त्यांच्या चरित्रात मला सर्वांत मोलाची वाटते ती विहीर. देवळाच्या लढ्याला प्रसिद्धी मिळते, सभा होतात, वर्तमानपत्रांत मजकूर येतो. विहीर खुली करणे हे मात्र कारकुनी काम असते, ठराव, हुकूम, नक्कल, जावक क्रमांक, आणि मग ज्या गावात तो हुकूम पोचतो त्या गावातल्या एका माणसाने सर्वांच्या देखत पोहरा आत सोडण्याचे धैर्य. ऑक्सफर्डची विद्या त्या पोहऱ्यापर्यंत पोचावी लागते. पुढे पंजाबराव संविधान सभेत बसले, आणि त्या सभेने अस्पृश्यता नष्ट केल्याचे 17 वे कलम संमत केले, तेव्हा त्या कलमाच्या मागे चवदार तळ्याइतक्याच या बिननावाच्या वऱ्हाडी विहिरीही होत्या असे मला वाटत राहते.

मालेगाव तालुक्यातल्या शिरपूरला अंतरिक्ष पार्श्वनाथाचे मंदिर आहे. दिगंबर आणि श्वेतांबर या दोन पंथांतला पूजेच्या हक्काचा तेथील तंटा अकोल्याच्या कचेरीतून निघून नागपूरमार्गे थेट लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला आणि 1929 साली तेथे त्याचा निकाल लागला. अंबादेवीच्या पायऱ्यांवर जे लोक उभे होते त्यांच्यानंतर अवघ्या दोन वर्षांनी. देवाच्या जवळ जाण्यासाठी भांडावयाचे तरी हातात वहिवाटीचा कागद असावा लागतो. ज्यांना वहिवाटच कधी मिळाली नाही त्यांनी कोणत्या कोर्टात काय दाखल करावे, हा प्रश्न मी टिपणवहीत लिहून ठेवला आहे आणि त्याच्यापुढे बरेच पान कोरे आहे.

रामनवमीला मी मानोरा तालुक्यातल्या पोहरादेवीला गेले. संत सेवालाल महाराजांची समाधी तेथे आहे, आणि देशभरातला बंजारा समाज त्या ठिकाणाला आपली काशी मानतो. नंगारा वाजत होता. तेलंगणातून, कर्नाटकातून आलेल्या बाया आरशांच्या कशिद्याच्या पोषाखात उन्हात बसून भोगासाठी लापशी शिजवीत होत्या, आणि मी कोण, कोणत्या जातीची, हे न विचारता एकीने मला सावलीत सरकून जागा दिली. बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून यांच्या पूर्वजांनी अर्धा हिंदुस्थान पायी तुडवला. लमाण हे नाव लवणावरून आले असे मानतात. इंग्रजांनी 1871 च्या कायद्याने कित्येक फिरत्या जमातींवर जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का मारला, रेल्वेने लदेणीचा धंदा बुडविला, आणि तांडा गावाच्या शिवेबाहेर राहिला तो राहिलाच. ताम्रपटातले मीठ वाहून कोणी नेत असेल, हा विचार मला तेथे, त्या नंगाऱ्यापाशी आला. तो खरा असेल वा नसेल. पण शिवेवर ठेवलेल्या माणसांनी शिवेवरच आपले तीर्थ उभारावे आणि तेथे येणाऱ्या परक्या मुलीला जागा करून द्यावी, हे मी डोळ्यांनी पाहिले.

आणि मग दिवाळीच्या सुट्टीत मी घरी गेले.

आमच्या वाड्याच्या मागे गोठा आहे, आणि गोठ्याच्या उत्तरेकडच्या मातीच्या भिंतीत, माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर, एक कोनाडा आहे. लहानपणापासून मी तो पाहत आले. म्हणजे, आता कळते की, पाहत आलेच नाही. त्यात एक कप असतो. पांढऱ्या चिनी मातीचा, काठाला निळी रेघ, कान तुटलेला, आत चहाचा तपकिरी थर कायमचा बसलेला. आमच्या सालदाराचा तो कप. गुढीपाडव्याला साल ठरायचे, आणि मग वर्षभर सकाळ-संध्याकाळ आजी किंवा आई किटलीतून वरून धार सोडायच्या, त्यांनी कप खाली धरायचा, पिऊन झाल्यावर हौदाच्या पाण्याने स्वतः विसळायचा आणि पुन्हा कोनाड्यात ठेवायचा. घरात बारा स्टीलचे कप होते. मी विद्यापीठात अंतरांचा सिद्धांत मांडला आणि तो मोजण्यासाठी वत्सगुल्मापर्यंत गेले, आणि हे वीस पावलांचे अंतर माझ्या वहीत कोठेही नव्हते.

“आजी, हा कप कधीपासून इथं आहे?”

आजी कापूस निवडत होती. तिने मान वर केली नाही. “माह्या सासूनं ठेवला होता. म्या काई ठेवला नाई.” थोड्या वेळाने म्हणाली, “म्या उचललाबी नाई.”

मग तिने आपण होऊन एक गोष्ट सांगितली, जी तिने माझ्या आईलाही कधी सांगितली नसावी. त्या कोनाड्याच्या खाली, जमिनीलगत, अजून एक खोलगट जागा आहे. आता तेथे दावी आणि तुटका विळा पडलेला असतो. तेथे पितळेचा एक तांब्या आणि एक ताटली असायची. कावळा शिवला की घरातल्या सुनेने चार दिवस गोठ्यात बसावयाचे, त्याच तांब्यातून प्यायचे, त्याच ताटलीत वरून टाकलेली भाकर घ्यावयाची. “मीबी तं तिथंच बसत होती चार दिस,” आजी म्हणाली. “वर त्याचा कप, खाली माहा तांब्या. सासू वरून पानी ओते, आन् मले वाटे, हात लागला तं काय जळन का हिचा?” निवडलेला कापूस तिने मांडीवरून सुपात सारला. “मंग मी सासू झाली, आन् मीच ओतू लागली.”

मी तिच्याजवळ बराच वेळ बसून राहिले. देवी म्हणून जिची ओटी भरतात तीच महिन्यातले चार दिवस गुरांच्या शेजारी, आणि ज्याच्या हाताने पेरणी झाल्याशिवाय घरात दाणा येत नाही त्याचा कप तिच्या डोक्यावर. दोघांना एकाच भिंतीने एकाच कारणासाठी जागा दिली होती, आणि त्या चार दिवसांत त्या दोघांपैकी कोणी दुसऱ्याकडे पाहून काही बोलले असेल का, हे विचारण्याचे मला धैर्य झाले नाही.

दुसऱ्या दिवशी मी टेप आणि वही घेऊन गोठ्यात गेले. मिराशींसारखे विद्वान ताम्रपटाचे वर्णन ज्या शिस्तीने करतात त्याच शिस्तीने मी लिहू लागले: प्राप्तिस्थान, गोठ्याची उत्तर भिंत, उंची साडेसहा सेंटिमीटर, स्थिती, कान भग्न, काठावर दोन ठिकाणी टवका, लेख, नाही. आणि वस्तू कोणाकडची, या ओळीपाशी लेखणी थांबली. ज्या माणसाने त्या कपातून माझ्या जन्माच्या आधीपासून चहा घेतला, ज्याच्या खांद्यावर बसून मी पोळ्याचे बैल पाहिले, त्याला आमच्या घरात सगळे एकेरी नावाने हाक मारीत, मीही सहा वर्षांची असल्यापासून मारीत आले. त्याच्या वडिलांचे नाव आणि आडनाव मला ठाऊक नव्हते. ज्या ताम्रपटावर मी ठपका ठेवला होता तो माझ्यापेक्षा फार वेगळा नव्हता.

ते दुपारी वखराची पास ठोकत धुऱ्यावर बसले होते. मी जवळ जाऊन खाली बसले. “काका, तुमचं पूर्ण नाव सांगा ना.”

काका हा शब्द मी प्रथमच वापरला होता, आणि त्यांनी तो ऐकला हे मला त्यांच्या हाताकडे पाहून कळले. हातोडी थोडी रेंगाळली. “कायले पायजे, ताई? बँकेचं काई हाय का?”

मी कपाचे सांगितले. ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत. वखराची पास त्यांनी बाजूला ठेवली. “माह्या बापानं तुमच्या वाड्यात कधी च्या घेतला नाई,” ते म्हणाले. “छप्पनले तो नागपूरले गेलता, बाबासाहेबाच्या दीक्षेले. मूर्तिजापूरलोक पायी, मंग रेल्वेनं. तिकून आल्यावर त्यानं मेलेलं ढोर ओढलं नाई, आन् कोनाच्या वाड्यात वरून ओतलेलं काई घेतलं नाई. मी घेतला. बहात्तरच्या दुष्काळात.”

मग त्यांनी नाव सांगितले. स्वतःचे, वडिलांचे, आडनाव. मी न विचारता आजोबांचेही सांगितले. मी लिहून घेतले. त्यांनी वही हातात घेतली, डोळ्यांपासून जरा लांब धरून वाचली, आणि अंगठ्याच्या मातकट नखाने एक जागा दाखविली. आडनावातला एक काना माझ्याकडून राहिला होता. तो दिल्यावर त्यांनी पुन्हा एकदा सगळे नाव वाचून पाहिले, आणि वही मला परत दिली.